रिक्षात अडकलेला माणूस

आगाशीला राहायला गेलो तेव्हा एक माणूस रोज सकाळी रिक्षा स्टँडवर दिसायचा. हाफ पँट, गळ्यात टॉवेल. रिक्षात बसणाऱ्याला हात जोडून अडवायचा, "काका, बसू नका. चालत चला माझ्याबरोबर."

एकदा मी चिडून विचारलं, "रिक्षानं तुमचं काय बिघडवलंय हो?"

तो शांतपणे म्हणाला, "भजी खाऊन मी इतका फुगलो, की इथंच रिक्षात अडकलो. चौघांनी ओढलं तरी निघेना. शेवटी गॅरेजवाल्यानं पत्रा कापला. त्या दिवशी घरी चालत गेलो, तो अजून चालतोच आहे."

हळूहळू लोक त्याच्याबरोबर चालत जायला लागले आणि रिक्षावाल्यांचा धंदा बसू लागला. एका सकाळी ते सगळे त्याला दम द्यायला गेले. त्यानं मुकाट्यानं ऐकलं आणि त्यांच्या पोटांकडे बघत विचारलं, "जिना चढताना धाप लागते?"

एकेकानं पोट आत ओढलं.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर रिक्षा रांगेत उभ्या होत्या, चालक एकही नव्हता. खाकी शर्टांची रांग हात हलवत विरारच्या रस्त्यानं चालली होती, पुढे तो. बसही चुकली होती, म्हणून मीही मागोमाग निघालो.

विरारच्या ऑफिसात उशिराचं कारण विचारल्यावर मी खरं तेच सांगितलं, "रिक्षावाल्यांबरोबर चालत आलो."

साहेबांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि मला पाणी दिलं.