साबूला लागलेली शाई

आमच्या आंघोळीच्या टबाला एक जाळी आहे. रोज संध्याकाळी ती उचलून बघावी तर मूठभर केस. कुत्र्यांचे, मांजरांचे, कधी माझेच. किस्स्यांचंही तसंच होतं बघा. दिवसभर कामात कुणाचं लक्ष नसतं, आणि शटर ओढायच्या आधी चहा हातात आला की एकेक निघायला लागतो.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याला इकडे नोकरी लागली आणि आम्ही इंदूरला आलो. सुदामा नगरात डॉक्टर निमकरताईंचा प्राण्यांचा दवाखाना आहे. तिथे आंघोळ, केस आणि नखं हे खातं माझं. बाहेर काउंटरवर गणेश भिया, इकडे भैयाला भिया म्हणतात. त्याचे आजोबा मिलमध्ये लागले म्हणून इकडे आले, त्यामुळे त्याचं मराठी निम्मं हिंदीतूनच चालतं. "ताई, एक बिल्ली आलीये, जरा भडकून राहिली आहे," असं तो आत येऊन सांगतो. आधी मला हसू यायचं. परवा मीच फोनवर आईला "हाँ भिया" म्हणून बसले, तेव्हापासून हसत नाही.

तर किस्से सगळ्या तऱ्हेचे आहेत. पण शाईचे ते शाईचे!

* * *

पुण्याहून नवीनच आलेला एक मुलगा, आयटीवाला, पांढरी मांजर कवटाळून धावत आला. मांजरीच्या पाठीवर जेल पेन फुटलेलं. एका हातात मांजर आणि दुसऱ्या हातात नेलपेंट रिमूव्हरची बाटली.

"लावलंत का हे?" डॉक्टरताई एकदम खुर्चीतून उठल्या.

"नाही, म्हटलं आधी विचारावं."

"देव तुमचं भलं करो. हे नाही, स्पिरिट नाही, सॅनिटायझर नाही, टर्पेंटाइन तर नावच काढू नका. मांजर दिवसभर स्वतःला चाटत असते. जे अंगावर लावाल ते तिच्या पोटात जाणार."

मग आमचं नेहमीचं सुरू झालं. आधी कोरड्या कापडाने नुसतं टिपायचं, घासायचं अजिबात नाही, नाहीतर डाग पसरतो. मग बोटावर थोडं खोबरेल घेऊन केसांवर, शाई सुटली की पुसून घ्यायची, आणि शेवटी प्राण्यांच्या सौम्य शाम्पूने तेल धुऊन टाकायचं. डाग बराच फिका झाला. उरलेल्यासाठी उद्या घरी पुन्हा असंच करा, म्हणून मी त्याला नीट समजावलं. त्याने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. तेल लावलं, पण पुसायचं आणि धुवायचं राहिलं, आणि मांजर जाऊन पलंगावर झोपली.

"मॅडम, डाग निघाला. म्हणजे मांजरीवरून निघाला, आता बेडशीटवर आहे. बेडशीट घेता का तुम्ही?"

* * *

आता साबूची ओळख करून द्यायलाच हवी, कारण आमच्या दवाखान्यात शाई म्हटलं की साबू.

साबू म्हणजे खांडेकर सरांच्या घरातलं पांढरंशुभ्र कुत्र्याचं पिल्लू. सर नाशिकचे, इथल्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवतात. बायको इंदूरची, सासूबाई त्यांच्याकडेच राहतात, आणि मुलगी रेवा, पाचवीत. पिल्लू रेवाने आणलं. अंगाने भिजवलेल्या साबुदाण्यासारखं, म्हणून साबू. सरांचा विरोध पहिल्या दिवसापासून. "घर आहे, सर्कस नाही," हे त्यांचं वाक्य आम्हाला रेवाकडून पाठ झालं होतं.

पहिल्यांदा सर स्वतःच त्याला घेऊन आले, असं लांब धरून, गळणारी पिशवी धरतात तसं. त्यांनी पेपर तपासायला घेतले होते, लाल शाईची बाटली उघडी, आणि साबू टेबलावर चढला. चारही पाय लाल. मागून रेवा रडत रडत.

"पायाचं एवढं काही नाही हो," सर म्हणाले, "पण तो माझ्या पेपरांवरून चालत गेला. एका मुलाच्या चुकलेल्या ताळेबंदावर बरोबरची खूण दिसतेय!"

गणेश भिया पटकन म्हणाला, "सर, देऊन टाका ना मार्क. मेहनत केली आहे त्याने."

सर हसले नाहीत. शाई ओलीच होती, म्हणून कोमट पाण्यात आणि शाम्पूत पाय बुडवून ती निघाली. साबू पाय चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर घातली. तो ग्रामोफोनच्या भोंग्यातून बघावं तसा सगळ्यांकडे बघत राहिला. आणि तिथेच, माझ्या टबाशेजारी उभं राहून, सरांनी नियम जाहीर केला.

"रेवा, पुन्हा याच्या अंगावर शाई दिसली, काळी, निळी, कुठलीही, की साबू गौतमपुऱ्याला. मामाच्या शेतावर. कारणं ऐकणार नाही."

रेवाचा चेहरा उतरला. गौतमपुऱ्यात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोट चालतात, पेटते गोळे एकमेकांवर फेकतात, सगळं गाव धडाडतं. आणि साबू म्हणजे शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तरी पलंगाखाली जाणारा प्राणी. "मावशी, तो तिथे मरून जाईल," ती माझ्या कानात म्हणाली. मला फार वाईट वाटलं. पण सर ते सर.

* * *

मतदानाच्या दिवशीची गंमत ऐका. आमच्या इंदूरला मतदान करून बोटावरची शाई दाखवली की काही दुकानवाले पोहे-जलेबी खिलवतात. एक काका मतदान करून बाहेर आले, त्यांचा लॅब्रडॉर गेटवर बांधलेला. मोठ्या प्रेमाने त्यांनी ओलं बोट त्याच्या पंजावरून फिरवलं. घरी पोचेपर्यंत पंजावर जांभळी-काळी रेघ. आणि काका तडक आमच्याकडे.

डॉक्टरताईंनी हातच लावला नाही. "ही शाई निघत नाही. ही निघायला लागली तर निवडणुकाच बंद कराव्या लागतील. घासू नका, कातडी सोलून निघेल. वाळेपर्यंत चाटू देऊ नका, बस. केस गळतील तशी आपोआप जाईल."

"मग तोपर्यंत काय करू?"

"पोहे खिलवा," गणेश भिया म्हणाला.

त्याने थट्टा केली होती, पण काका खरंच गेले. दुकानदारासमोर कुत्र्याचा पंजा वर केला. त्याने काकांना दुसरी प्लेट भरून दिली. ती काकांनीच खाल्ली, कारण कांदा कुत्र्याला चालत नाही. दुकानदार मात्र खाली वाकून कुत्र्याला म्हणाला, "भिया, किसको दिया, ये किसी को मत बताना."

* * *

मानपुरच्या हायवेवर ज्यांचा ढाबा आहे ते एक गृहस्थ आपलं पिल्लू लसीला घेऊन आले. डॉक्टरताई कार्डावर शिक्का मारत होत्या, आणि पिल्लू स्टॅम्प पॅडवर बसलं. नुसतं बसलं नाही, निवांत बसलं. उठलं तेव्हा मागचा भाग निळा.

मी टबाकडे न्यायला लागले तर मालक आडवे आले. "रहने दो मैडम. सरकारी ठप्पा है, अच्छा लग रहा है."

"अहो, हा चाटेल ते," मी म्हटलं, आणि धुऊन काढलं. गृहस्थ नाराज होऊन गेले. पुढच्या आठवड्यात पिल्लाच्या भावाला घेऊन हजर. लस टोचून झाली, कार्ड झालं, तरी उठेनात. गणेश भियाने विचारलं, आणखी काही?

"इसको भी बिठा दो ज़रा," ते स्टॅम्प पॅडकडे बोट दाखवून म्हणाले.

* * *

आता आजींचं ऐका. खांडेकर सरांच्या सासूबाई. साबू दिवसेंदिवस असा देखणा होत चालला की कॉलनीत बायका थांबून थांबून बघायच्या. आजींच्या जिवाला घोर. त्या रोज सकाळी त्याच्या कपाळावर काजळाची तीट लावायच्या, आणि साबू पंजाने ती पुसून पंजा चाटायचा. दुपारपर्यंत कपाळ स्वच्छ. मग आजींनी रेवाच्या कंपासमधून मार्कर काढला. त्यावर परमनंट लिहिलं होतं, आणि आजींना अगदी तेच हवं होतं.

रेवा शाळेतून आली आणि किंचाळलीच. सर पाचला घरी येणार. कपाळाच्या मधोमध हरभऱ्याएवढा काळा ठिपका. आजी आणि नात साबूला शालीत गुंडाळून रिक्षाने आमच्याकडे.

"अहो ताई, मला काय ठाऊक, तीटही शाईत धरतील म्हणून," आजी काकुळतीला आल्या होत्या. "जावयाचा स्वभाव तुम्ही बघितलाय ना. या पोराला उद्या गाडीत घालतील ते."

मी आयुष्यात एवढ्या घाईने आणि एवढ्या हळुवारपणे काम केलं नसेल. डोळे जवळ, म्हणून कापसाच्या बोळ्याने थेंबभरच तेल. टिपलं, पुसलं, पुन्हा लावलं. शाम्पू ओल्या फडक्यावर घेऊन. रेवा साबूचं तोंड धरून त्याला पाढे म्हणून दाखवत होती. काळ्याचा करडा झाला, करड्यावर अडकला. मी आणखी जोर लावणार तेवढ्यात डॉक्टरताईंनी माझं मनगट धरलं.

"बस. खालची कातडी गुलाबी दिसायला लागली. केस काप."

गोल टोकाची कात्री घेऊन मी कपाळावरचे केस कापले, मग एकच जागा बोडकी दिसू नये म्हणून कानांपर्यंत सगळे एकसारखे केले. ठिपका गेला.

डॉक्टरताई आजींना म्हणाल्या, "आजीजी, तीट लावायचीच असली ना, तर घरचं काजळ घ्या आणि कानामागे लावा. इतकूसं. तिथे ना जीभ पोचते, ना कुणाची नजर."

"नजर पोचली नाही तर तीट लावून उपयोग काय?" आजी म्हणाल्या.

रात्री रेवाने आईच्या फोनवरून मला निरोप पाठवला. सर घरी आले, साबूकडे निरखून बघत म्हणाले, "हेअरकट केला काय? बरा दिसतोय."

* * *

आणि हा शेवटचा, अगदी परवाचा. दिवाळी तोंडावर आली होती. सकाळी मी शटर वर करतेय तर पायरीवर खांडेकर सर. एकटेच. स्कूटर उभी, आणि पुढे पाय ठेवायच्या जागेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी हलतंय.

मी टॉवेल उघडला. मानेपासून शेपटीपर्यंत साबू निळा!

"पेनात शाई भरत होतो," सर खालच्या आवाजात म्हणाले. "हा मांडीवर होता. बाटली माझ्याच हातून पडली."

"तुमच्या मांडीवर?"

"थंडी पडायला लागलीये ना सकाळी," ते म्हणाले, आणि इकडेतिकडे बघत आत शिरले.

गणेश भिया अजून यायचा होता, म्हणून सरांनीच बाह्या वर केल्या. फौंटन पेनची शाई, पाण्यात सुटणारी, आणि ओली होती हे नशीब. आधी जुन्या चादरीच्या तुकड्यांनी टिपून घेतलं, मग कोमट पाणी, मग शाम्पू, पुन्हा पाणी. टबातलं पाणी निळं व्हायचं, सोडायचं, पुन्हा भरायचं. सर साबूला धरून होते आणि सारखं पुटपुटत होते, "झालं रे, झालं, झालं." मधेच कॉलेजचा फोन आला. "आज पहिला तास नाही घेता येणार," सर म्हणाले. "घरात आजारपण आहे."

मला राहवेना. "सर, ते गौतमपुऱ्याचं..."

"रेवाला कळता कामा नये," ते घाईने म्हणाले. "आणि सासूबाईंना तर मुळीच नाही. तुम्ही कुणालाही सांगणार नाही ना?"

"नाही सांगणार."

"नियम म्हणजे नियम आहे हो. ती लगेच धरून बसेल."

पांढरा साबू पुन्हा पांढरा झाला. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या ओल्या डोक्याची पापीच घेतली. ड्रायर लावून वाळवला, कुठे काही राहिलंय का म्हणून पोट बघितलं, बगला बघितल्या, कान उलटे करून बघितले. उजव्या कानामागे एक बारीक ठिपका. काळा. अगदी गोल.

"हा आजींचा उद्योग दिसतोय," मी म्हटलं. "थांबा, तेलाने काढते."

सरांनी झटकन कानावर हात ठेवला. त्यांचे दोन्ही हात शाईने निळे झाले होते. उजव्या हाताची करंगळी तेवढी काळी होती.

"तो राहू द्या," ते म्हणाले. "कॉलनीत लोक फार बघतात हो त्याच्याकडे."