अठरा खुर्च्या आणि आत्याचं नाक

त्या सुतारकारखान्यात आत्याला सगळेच आत्या म्हणत. लाकडाचा वखारवाला तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, पण तोही आत्याच म्हणे. खरी आत्या ती एकाच माणसाची, म्हणून त्याचं नाव पडलं सख्खा. सख्खा चाळिशीचा, मिशा पिकत आलेला, दोन मुलांचा बाप. पण कारखान्यात कुणी "सख्ख्या, इकडनं धर" म्हटलं की मुकाट्याने ओ देई. त्याचे वडील गेल्यापासून आत्या आणि तो, दोघं मिळून कारखाना चालवत. म्हणजे आत्या चालवी आणि सख्खा मिळून असे.

आत्याचा सगळा अधिकार आणि सगळा तोरा तिच्या नाकात होता. माल आला की ती प्रत्येक फळीवर रंध्याचा एक हात मारी, निघालेलं सालपट बोटाला गुंडाळी, नाकाशी नेई आणि डोळे मिटून लाकडाची जात सांगे. साग, शिसव, देवदार, ओक. नुसती जात नाही, भिजून वाळलंय की सावलीत वाळलंय तेही सांगे. डोळ्यांनी लाकूड पारखणारे तिच्या लेखी नवशिके. डोळ्याला रंग फसवतो, नाकाला कोण फसवणार, असं तिचं म्हणणं. तीस वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती, आणि तीस वर्षांत तिला एकदाही कुणी "नाही" म्हटलं नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कारखान्यात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दिवसभर ती घासकाम करी. पॉलिश पेपर हातात, तोंडाने अखंड बडबड, आणि दर पाच मिनिटांनी असं खदखदून हसणं की भिंतीला टेकलेल्या फळ्या सरकाव्यात. संध्याकाळी तिच्या भुवयांवर, ओठांवर, पापण्यांवर लाकडाची पूड बसलेली असे. मास्क लाव म्हटलं तर ती म्हणे, मग वास काय कानाने घेऊ?

तर एका वाचनालयाने अठरा खुर्च्या सांगितल्या. माल आला, आत्याने सालपट नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "साग." खुर्च्या झाल्या, घासल्या, पॉलिश केल्या, गेल्या.

महिन्याभराने वाचनालयाचे ग्रंथपाल आले. हे गृहस्थ रस्त्यातसुद्धा कुजबुजत बोलायचे. त्यांनी आत्याच्या कानाशी लागून सांगितलं की खुर्च्या बोलतात. अठराच्या अठरा. वाचक पान उलटतो, खुर्ची कण्हते. वाचक शिंकतो, खुर्ची किंचाळते. परवा एक आजोबा वाचता वाचता झोपले, तर त्यांच्या खुर्चीने त्यांना उठवलं. सगळे सांधे सुटले होते. आत्या आधी हसून हसून वाकली. मग ग्रंथपालांनी पुराव्यादाखल आणलेली खुर्ची तिने उलटी केली, पायाच्या तळाशी पटाशी मारून कपची काढली, आणि तिचं हसू थांबलं. तो साग नव्हता. सागाचा सावत्र भाऊ म्हणावा असं कुठलंसं लाकूड होतं, रंग तोच, पण अंगात सागाचं तेल नसलेलं आणि अर्धवट ओलं राहिलेलं. वखारीत ढीग बदलले होते.

तिने सख्ख्याला हाक मारली. तुला हे रंधताना कळलं नाही, असं विचारलं. सख्खा मिशीला हात लावून म्हणाला,

"कळलं होतं. हाताला तेल लागत नव्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू वास घेतला होतास ना."

यावर आत्याला राग यायला हवा होता, आला नाही, कारण तिला दुसरंच काही आठवलं होतं. त्या दिवशी तिला वास आलाच नव्हता. उजवी नाकपुडी आठ महिने बंद होती. डावीही अधूनमधून कुरकुर करायची. साग येणार हे ठाऊक होतं, म्हणून सागाचा वास आला असं तिला वाटलं होतं. आठ महिने ती नाकाने नव्हे, आठवणीने लाकूड ओळखत होती.

धुळीची सर्दी म्हणून तिने सोडून दिलं असतं. पण घरी वहिनी होती. ही सख्ख्याची आई, घरातली सगळ्यात कमी बोलणारी बाई. तिने आत्याचे चार रुमाल आणून समोर ठेवले. सगळ्यांवर तांबूस डाग. आत्या म्हणाली, पॉलिशचे आहेत. वहिनी म्हणाली, "पॉलिशचा डाग गार पाण्याने निघत नाही. हे निघतात." मग तिने एक रुमाल तांब्यातल्या पाण्यात बुडवून दाखवला. पाणी गुलाबी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी नाकाच्या डॉक्टरकडे होत्या.

डॉक्टरीणबाई तरुण आणि चटपटीत होत्या. त्यांनी विचारलं, बंद कुठली बाजू. आत्या म्हणाली, उजवी. डावीतून कधी रक्त? "डावी गुणी आहे हो," आत्या म्हणाली. काम काय करता? लाकूड घासते, तीस वर्षं. डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि दुर्बीण मागवली.

बारीक नळीची दुर्बीण नाकात गेली आणि भिंतीवरच्या पडद्यावर आत्याचं नाक आतून दिसू लागलं. आत्या हरखून गेली. तीस वर्षं जिच्या जिवावर मिरवलं ती खोली तिने पहिल्यांदा पाहिली. वर, अगदी छताशी, एक मांसल गाठ बसली होती. डॉक्टरीणबाईंनी तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल आला: नुसती सूज. वहिनीने हात जोडले. डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, मला पटत नाही, हा वरवरचा तुकडा होता, आतला काढते.

"बरोबर," आत्या म्हणाली. "वरचं सालपट बघून जात सांगू नये. पहिला रंधा फुकट, दुसऱ्याला लाकूड बोलतं."

दुसरा तुकडा बोलला. कर्करोग. तोही असा दुर्मीळ की डॉक्टरीणबाईंनी नोकरीत दुसऱ्यांदाच पाहिला होता, आणि लाकडाच्या बारीक धुळीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना तो होतो हे पुस्तकात मात्र कितीदा वाचलं होतं. नाकातल्या गाठींच्या जाती बऱ्याच असतात, त्या म्हणाल्या, दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकीला आधी शस्त्रक्रिया, दुसरीला आधी औषधं. म्हणून तुकडा आणखी एका तज्ज्ञाकडे पाठवून जात पक्की करून घेतली आहे. आत्याला बाई आवडल्या. जात ओळखल्याशिवाय हत्यार उचलत नाही, म्हणजे पोरगी आपल्यातली, असं ती वहिनीला तिथेच म्हणाली.

मग बाईंनी खरी गोष्ट सांगितली. वास जिथे कळतो, नेमकी तिथेच गाठ बसली आहे. उजवी बाजू जाणारच. शस्त्रक्रिया चालू असतानाच कडांचे तुकडे तपासतील. कडा स्वच्छ निघाल्या तर डावी राहील, नाही तर डावीही काढावी लागेल. मग वास परत यायचा नाही. कधीच नाही.

"आणि हातच लावला नाही तर?" आत्याने विचारलं.

"तर ती डोळ्यात जाईल. नाकाचं छत म्हणजे मेंदूची जमीन, तिथेही जाईल."

आत्याला भीती वाटली. मरणाची वाटली आणि नाकाचीही वाटली, आणि नाकाची जास्त वाटते की काय याची लाज वाटली. बाहेर व्हरांड्यात सख्खा उभ्या उभ्या रडत होता. त्याच्या मिशीतून पाण्याचा थेंब लोंबकळायचा, तो ओठ वर ओढायचा, थेंब परत वर जायचा. आत्याने हे चार वेळा पाहिलं आणि तिला हसू फुटलं. मग सख्ख्याला फुटलं. मग वहिनीला, जी वर्षातून एकदा हसते. एक परिचारिका बघायला आली की कुणाला काय झालं.

शस्त्रक्रियेला पाच दिवस होते. त्या पाच दिवसांत आत्या डाव्या नाकपुडीने जगाचा निरोप घेत फिरली, पण रडत नाही, लग्नघरासारखी धावपळ करत. चोंदलेल्या नाकात कधी दहातला एक वास शिरायचा, तेवढ्यासाठी ती दहा ठिकाणी नाक खुपसायची. सरस उकळत होता त्या डब्यात, करवतीच्या गरम पात्याशी, सख्ख्याच्या धाकटीच्या केसांत, वहिनीच्या इस्त्रीच्या कपड्यांत. वाचनालयात जाऊन तिने जुनी पुस्तकं उघडून हुंगली आणि किंचाळणाऱ्या खुर्चीवर बसून सगळ्या दालनाची माफी मागितली. सागाची एक चांगली फळी तिने दिवसातून वीस वेळा रंधली. चौथ्या दिवशी दुपारी वास आला. अर्धा श्वासभर. ती फळी मिठीत धरून कारखानाभर नाचली.

शस्त्रक्रिया सात तास चालली. सगळी नाकपुड्यांतूनच, चेहऱ्यावर एक ओरखडा नाही. मेंदूचे डॉक्टरही होते. नाकाचं छत जिथे काढावं लागलं, तिथे मांडीतली एक पातळ पट्टी काढून बसवली. आत्या शुद्धीवर आली तेव्हा नाकात बोळे होते. तिने आधी एक बोट वर केलं, मग दोन, आणि भुवया उंचावल्या.

"दोन्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण कडा स्वच्छ आहेत. मागे काही उरलं नाही."

आत्याने बराच वेळ छताकडे पाहिलं. डोळ्यांच्या कडेने पाणी कानांत गेलं. मग ती बोळ्यांतून म्हणाली, "म्हणजे मी उरले," आणि तिचे खांदे हलू लागले.

बाई घाबरल्याच. नवं छत ओलं आहे, शिंकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही आणि खदखदून हसायचं तर मुळीच नाही, अशी ताकीद मिळाली. ही शिक्षा शस्त्रक्रियेहून भारी होती. वहिनीने भेटायला येणाऱ्यांची छाननी सुरू केली. वखारवाला विनोदी म्हणून परत गेला. सख्ख्याला मिशीमुळे खोलीच्या दारातूनच बोलावं लागे. शेवटी आत जायची परवानगी फक्त ग्रंथपालांना मिळाली, कारण त्यांच्याइतका गंभीर माणूस कुणाच्या पाहण्यात नव्हता. ते बसले, कुजबुजत म्हणाले की परवा एका खुर्चीने नगराध्यक्षांच्या भाषणात अडथळा आणला, आणि आत्याने उशी तोंडात कोंबली.

जखम भरल्यावर किरणोपचार. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून मुखवटा तयार केला, म्हणजे किरणं रोज नेमकी तिथेच पडावीत. लाकूडही आपण असंच वाफवून वाकवतो, असं आत्याने तंत्रज्ञाला समजावून सांगितलं आणि कानाजवळ मुखवटा नीट बसला नाही हेही दाखवलं. त्याने तो पुन्हा केला. सहा आठवडे, तीस खेपा. तोंड आलं, कातडी भाजली, दिवसातून चार वेळा मिठाच्या पाण्याने नाक धुवावं लागे, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत ती कुणाशी धड बोललीही नाही. मग तेही संपलं. पुढल्या तपासणीत दुर्बिणीला काही दिसलं नाही. मुखवटा ती घरी घेऊन आली आणि कारखान्याच्या दारावर ठोकला. त्याच्या हनुवटीच्या खोबणीत धुळीचे मास्क ठेवले. पूड ओढून घेणारा पंखा बसला. आत्याच्या त्या जाळीदार चेहऱ्यासमोरून बिनमास्कचं आत जायची कुणाची छाती नव्हती.

अठरा खुर्च्या नव्याने करायच्या होत्याच. माल आला. आत्याने रंध्याचा हात मारला, सालपट बोटाला गुंडाळलं, मास्क खाली ओढला, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. करवती थांबल्या. आत काहीच आलं नाही, हे फक्त तिला ठाऊक होतं. इतरांना वाटत होतं, एवढे महिने गेले, कुणास ठाऊक, आला असेल.

"साग," ती म्हणाली.

सख्ख्याने फळीवर अंगठा घासला. मग दुसरा घासला.

"नाही," तो म्हणाला. "आत्या, हा साग नाही."

आत्याने एक डोळा उघडला. "मी वास घेतलाय."

"घेतला असशील. पण हा साग नाही. हाताला तेल नाही. हे लाकूड खुर्चीला चालायचं नाही, मी लावू देणार नाही."

आत्याने दुसरा डोळा उघडला आणि अशी हसली की भिंतीच्या तीन फळ्या खरंच पडल्या. ती फळी तिनेच वखारवाल्याकडून मागून ढिगात सरकवली होती. किती महिने वाट बघतेय या एका शब्दाची, असं म्हणत तिने सख्ख्याच्या पाठीत धपाटा घातला. मग ढिगातली दुसरी फळी ओढली, रंधा मारला आणि सालपट त्याच्या हातात दिलं.

"आणि हे?"

"हा साग."

"वास बघ की."

त्याने मास्क खाली केला, हुंगलं. "सागच."

"ते कळलं रे. कसा येतो ते सांग. मला आता येत नाही."

तिने हे इतकं सरळ सांगितलं की सख्खा गडबडला. त्याने पुन्हा हुंगलं. शब्दांच्या बाबतीत तो आईवर गेला होता.

"तुझ्यासारखा येतो," तो शेवटी म्हणाला. "लहानपणी तू कडेवर घ्यायचीस ना, तेव्हा यायचा तसा."

आत्याने सालपट त्याच्या बोटावरून काढलं आणि सवयीने आपल्या बोटाला गुंडाळलं. "चला," ती म्हणाली, "अठरा खुर्च्या आहेत." आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिने ते बोटावरून काढलं नाही.