धाकटीच्या हिऱ्यावरचा मळ

थोरली सून हिऱ्यांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. पण तिचे हिरे अंगठीत बसवायच्या लायकीचे नव्हते. तांदळाच्या दाण्याएवढे, आणि मुद्दाम खोट ठेवलेले. हिऱ्यात कार्बनच्या एका अणूची जागा रिकामी, आणि शेजारी नायट्रोजन भाडेकरूसारखा येऊन बसलेला. ही खोट भारी कानोसेखोर. हिऱ्याच्या पाठीवर एखादा रेणू ठेवला, की त्याच्या चुंबकत्वाची कुजबुज तिला ऐकू जाते. वरून हिरवा प्रकाश टाकला की तांबड्या उजेडात ती सगळं ओकून मोकळी. सासूबाईंच्या सहवासामुळे थोरलीला यात नवल वाटत नसे.

धाकटी जाऊ घरात आली तेव्हा थोरलीनं मनाचा मोठेपणा दाखवला. ती त्याच प्रयोगशाळेत आली तेव्हा तो संपला.

एका औषधाच्या रेणूची कुजबुज ऐकायला थोरली कित्येक वर्षं कान टवकारून बसलेली. त्याच औषधाला धाकटीच्या पडद्यावर मात्र आल्याआल्या चांगला डोंगराएवढा उंचवटा उमटला. प्रयोगशाळेचे सर म्हणाले, "हे पक्कं ठरलं, तर मोठा सूक्ष्मदर्शक वर्षभर हिच्याकडे." तो तोवर थोरलीकडे होता.

घरी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "आली नाही तोच नाव काढलं हो पोरीनं."

थोरलीला ठसका लागला.

"तिखट झालंय का गं?"

"छे, गोडच आहे सगळं."

मग तिला आठवलं, की हवेत राहिलेल्या हिऱ्यावर तेलकट मळ बसतो, आणि त्यातला हायड्रोजनही कुजबुजतो. धाकटीनं हिरा धड धुतला तरी होता का?

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आण, तुझा हिरा मी उकळून देते."

"ताई, तुम्हाला कशाला त्रास?"

"त्रास कसला, घरचंच काम."

तिनं आधी वरचं औषध तेवढं काढून पाहिलं, तर डोंगर तसाच. मग हिरा आम्लात उकळला, धुतला, पुन्हा उकळला. पुन्हा भिंगाखाली नुसता ठेवला, तर डोंगर साफ नाहीसा.

"मळ होता गं," थोरली सांत्वनाला आल्यासारखं म्हणाली.

धाकटीचा चेहरा उतरला. पण तिनं त्याच स्वच्छ हिऱ्यावर औषध पुन्हा चढवलं आणि मोजलं. या वेळी सुईसारखी एक बारीक रेघ वर आली. फ्लोरिनची. तो औषधात होता, मळात नव्हता. इतके दिवस ती डोंगराच्या पोटात दडलेली.

सर खूश झाले. "आता कोणी बोट ठेवू शकणार नाही. हिरा धुतला कोणी?"

"ताईंनी. त्यांच्यामुळेच झालं हे," धाकटी मनापासून म्हणाली. हेच थोरलीला सर्वांत जास्त झोंबलं.

सूक्ष्मदर्शकाची किल्ली तिनं धाकटीच्या हातावर ठेवली.

"ताई, पुढचे हिरेही तुम्हीच धुवाल ना?"

"आधी माझा धुऊ दे," थोरली म्हणाली आणि हातमोजे चढवून शेगडीशी गेली. आपल्या हिऱ्यावरच्या मळाखालीही रेघ दडलेली असेल, हे तिला कळून चुकलं होतं. धाकटीचा हिरा उकळताना होती तेवढी जळजळ आता स्वतःच्या हिऱ्यासाठी आणायची कुठून, एवढाच प्रश्न होता.