मोजे घालून धरलेला तांब्या

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाय धुण्याच्या उपासनेला लोक घरून पाय धुऊन येतात. हसू नका, खरंच सांगतेय. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी पाळकसाहेब, आमचे धर्मगुरू, कमरेला टॉवेल बांधून बारा जणांचे पाय धुतात, प्रभू येशूने शिष्यांचे धुतले तसे. आणि ते बारा जण दुपारपासून दगडाने टाचा घासत बसलेले असतात. वर कोरे मोजे, म्हणजे गेटपासून बाकापर्यंत धूळ लागायला नको. शिष्यांना एवढी अक्कल असती तर प्रभूला वाकावंच लागलं नसतं.

मी नेमका याच प्रसंगावर प्रबंध लिहिला. ख्रिस्ती ईश्वरविज्ञान, पवित्र शास्त्र आणि कला असं लांबलचक नाव असलेला पदव्युत्तर अभ्यासक्रम मी पुण्यात राहून केला. या प्रसंगाची जुनी-नवी चित्रं बघून बघून डोळे दुखले. जवळपास सगळ्याच चित्रांत शिष्यांचे पाय लोण्यासारखे. दिवसभर मातीत चाललेल्या माणसाचा पाय काढायला चित्रकार का घाबरतो, यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं. सर खूश झाले.

परत आले तेव्हा दहिवलीतल्या आमच्या छोट्याशा मंडळीने शाल दिली, फोटो काढले आणि पुढच्याच रविवारी मला शब्बाथशाळेच्या पोरांसमोर खडू घेऊन बसवलं. कला शिकून आलीय ना, मग नाताळचा गोठा सजव, तक्ते रंगव. आमच्याकडे बाई व्यासपीठावर चढत नाही. असं कुठे लिहिलेलं नाही, लिहायची कधी वेळच आली नाही.

मला त्याचं वाईट वाटलं, पण हे सगळं मी आईसाठी सांगतेय. वडील गेल्यावर आईने रसायनीच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासली. दिवसभर पाय साबणाच्या पाण्यात. बोटांमध्ये चिखल्या झाल्या त्या कायमच्याच, टाचांना भेगा अशा की चादरीत अडकायच्या. दरवर्षी ती मागच्या बाकावर बसून ते पाय धुणं बघायची आणि घरी येताना एकच म्हणायची, "येकदा तरी तिथं बसाया मिळाया पायजे गं." बारा जणांत बाई कधी नसायचीच.

म्हणून मी कमिटीपुढे गेले. बायबलमधली वचनं काढून दाखवली, भांडले, गोडही बोलले. अध्यक्ष म्हणाले, "ताई एवढ्या शिकून आल्यात, ऐकू या त्यांचं." या वर्षी काही बायका घ्यायच्या ठरल्या, आणि रविवारी पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर आईचं नाव वाचलं. तिने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. वाटेत भाजीवाल्या मावशींना सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं. त्या बिचाऱ्यांना त्यातलं काय कळणार, पण दोघंही "वा, छान" म्हणाले. मग रोज कोकम तेल गरम करून टाचांना चोळणं सुरू झालं.

बुधवारी पाळकीणबाई घरी आल्या. चहा घेतला. बोलता बोलता नजर सारखी आईच्या पायांकडे.

"मावशी, राग मानू नका हं," त्या म्हणाल्या. "साहेबांची कातडी फार नाजूक आहे, लगेच काहीतरी उठतं. आणि तेच पाणी पुढच्याला लागणार ना! तुम्ही असं करा, तांब्या धरा. पाणी ओतणं हीसुद्धा सेवाच."

वर पिशवीतून मोज्यांचा एक जोड काढून आईच्या हातात दिला. पुढे उभं राहायचं म्हणजे बरं दिसायला हवं.

माझं डोकंच फिरलं. "अहो बाई, मग धुता कशाला?" मी ओरडले. "धुतलेलेच पाय धुवायचे तर बेसिनजवळ उभं करा की सगळ्यांना!"

"गप ऱ्हा गं," आई म्हणाली. आणि त्यांना म्हणाली, "बरोबर हाय तुमचं. मी धरते तांब्या."

पाळकीणबाई वाईट नव्हत्या हो. तेच तर! वाईट असत्या तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी, उपासनेच्या संध्याकाळी, मला पाच मिनिटं बोलायला दिली होती. व्यासपीठावरून नाही, खाली माईक लावून. आई येऊन तांब्याजवळ उभी राहिली होती, त्या उकाड्यात पायात मोजे. मी लिहून आणलेलं सोडलं आणि म्हटलं, "प्रभूने घाणेरडे पाय धुतले. धुतलेले पाय धुवायला प्रभू लागत नाही." म्हटलं, आता तरी कुणी मान खाली घालेल. सगळी मंडळी जोरात "आमेन" म्हणाली! अध्यक्षांचा आवाज सगळ्यात मोठा.

मग मोजे उतरले. अध्यक्षांच्या सुनेच्या नखांना गुलाबी रंग, तोही त्याच दिवशी लावलेला. आई वाकून पाणी ओतत होती, पाळकसाहेब बोटांच्या टोकांनी पाय पुसत होते. शेवटी घंगाळातलं पाणी इतकं स्वच्छ राहिलं की आईने ते आवारातल्या जास्वंदीला घातलं.

घरी आल्या आल्या मी बादलीत कोमट पाणी काढलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. "आण इकडे पाय."

तिने पाय साडीत ओढून घेतले. "नको गं."

"का नको? मी धुते ना. त्यांच्यापेक्षा चांगले धुते."

"तू काय, आजारी पडले तर रोजच धुशील. तू माझी पोर हायस." तिने पहिल्यांदाच डोळ्यांना पदर लावला. "मला पाळकांच्या हातचं पायजे होतं. समद्यांच्या समोर."

"आई, पाळकसाहेबांपेक्षा जास्त शिकलेय मी. याच गोष्टीवर शिकलेय."

"शिकलीस की. मी कुटं नाय म्हणते?" ती म्हणाली. "पण तू पाळक नायस ना, बाय. आन ते तुला करनार बी नायत."

तिने हळूच मोजे काढले, घडी केली आणि पाळकीणबाईंना परत द्यायला धुवायला टाकले.