धाकट्या जावयाचे नाग

माझ्या साडूइतका सुखी माणूस अख्ख्या चांदा जिल्ह्यात दुसरा नव्हता आणि त्याच्यावर माझ्याइतका जळणारा माणूसही दुसरा नव्हता. मी थोरला जावई, कोर्टात कारकून, कडक इस्त्रीतला. तो धाकटा, राजुऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचा आणि सदऱ्याची गुंडी कायम चुकीच्या काजात. तरी सावली गावी सासुरवाडीत पाऊल टाकलं की सासूबाई माझ्या हाती पाण्याचा तांब्या देत आणि त्याला कौतुकानं विचारत, "बापू, यंदा कोनता आनला?"

कोनता म्हणजे कोणता नाग. काळ्या नागाच्या आणि गव्हाळ नागाच्या रक्तात काही फरक असतो का, या प्रश्नानं त्याला झपाटलं होतं. लग्नाच्या पंगतीत लोक वरण मागत असताना यानं मला विचारलं, "भाऊ, रंग कातडीवरच थांबत असन का?" मोटारीत तो झाकलेलं मडकं मांडीवर घेऊन बसे. आत काय आहे हे कळलं की शेजारी उठून जात आणि याला ऐसपैस जागा मिळे. मी मात्र दांडीला लोंबकळत असे.

एका दिवाळीला मी सासऱ्यांसाठी मुद्दाम नागपूरहून ग्रामोफोन आणला. तबकडी लावतो न लावतो तोच साडू दारात. दोन्ही काखांत मडकी, पाठीवर शाळेचा सूक्ष्मदर्शक. सगळं अंगण तिकडे वळलं. माझी बायकोसुद्धा. सासूबाईंनी मडक्यांना हळदकुंकू वाहिलं. "देवाले दुखवू नका, बापू." त्यानं दोन्ही नागांच्या शेपटीतून एकेक थेंब घेतला, काचेवर पसरला, निळ्या रंगात बुडवला. सासूबाईंनी नळीला डोळा लावला आणि ओरडल्या, "अवो, हे तं जवसाचे दाने दिसून राह्यले!"

"काळ्याच्या पेशी मोठ्या आहेत," साडूनं जाहीर केलं. सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं त्याला विडा दिला.

"काऊन तोंड पाडून बसले?" बायको मला म्हणाली. "तुमी बी पाहा ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी धानाच्या गंजीत आणखी एक काळा नाग निघाला. साडूनं त्याचंही रक्त पाहिलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. याच्या पेशी गव्हाळापेक्षाही लहान होत्या. मला आतून उकळ्या फुटल्या. चारचौघांत ऐकवायला मी एक बोचरं वाक्यही जुळवलं. तेवढ्यात त्यानं उडी मारून माझे दोन्ही खांदे धरले. "भाऊ, मी चुकलो! आता समदं पुन्हा पाहा लागते!" चेहरा असा, की घरात पाळणा हलला असावा. माझं वाक्य तोंडातच राहिलं. विडा, सासूबाईंची माया, सगळं मी पचवलं असतं. पण चुकण्यातला तो आनंद माझ्या वाट्याला कधी आला नव्हता.

पुढे त्याची बदली सिरोंच्याला झाली आणि सावलीचं येणं तुटलं. गेल्या उन्हाळ्यात कोर्टाच्या कामानं मी तिकडे गेलो, तर हा गोदावरीच्या वाळूत बसलेला आणि कोळी त्याला तेलुगूत लाडानं हाका मारताहेत. तिथेही! त्यानं मला शेजारी बसवलं आणि नागांविषयी बोलत राहिला. निम्मं मला कळलं नाही. मोटारीची वेळ झाली म्हणून मी उठलो. अजून थोडं बसा म्हणाला असता, तर बसलो असतो.