तळहातावरचं तीर्थ

कॉलेजच्या उन्हाळी सुट्टीत मला घरी नुसतं लोळू द्यायचं नाही, हे वडिलांनी आधीच ठरवून टाकलं होतं. सोलापुरात भवानी पेठेत आमच्या ओळखीचे एक सरकारी डॉक्टर राहत. एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. सोलापूरच्या आसपासच्या खेड्यांत नारूने लोक हैराण झाले होते आणि डॉक्टर गावोगावच्या विहिरींचं पाणी तपासत हिंडत होते. शास्त्र शिकणारा पोरगा फुकटात मिळतोय म्हटल्यावर त्यांनी मला उमेदवार म्हणून ठेवून घेतलं.

ज्यांनी नारू पाहिला नाही ते भाग्यवान. पायाला फोड येतो, फुटतो आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा लांबलचक जंत डोकं काढतो. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला की पाय सुजून सडायला लागतो. असा पाय घेऊन माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरला, की जंताची पिल्लं पाण्यात जातात. पाण्यातले बारीक किडे ती गिळतात आणि ते किडे ज्याच्या पोटात जातील त्याला पुढच्या उन्हाळ्यात नारू होतो. माझं काम सोपं होतं: विहिरीत जाळी फिरवायची, पाणी काचेच्या बाटलीत घ्यायचं आणि उन्हात धरून उड्या मारणारे पांढरे ठिपके शोधायचे.

कुंभारीच्या पुढच्या एका गावाने मात्र आम्हांला बुचकळ्यात टाकलं. तिथे डॉक्टरांनी आधीच घरोघरी गाळायची फडकी वाटली होती आणि लोक ती खरोखर वापरत होते. मी स्वतः घरोघर माठ पाहिले, प्रत्येकाच्या तोंडाला फडकं होतं. तरी दर उन्हाळ्याला नवे लंगडणारे दिसतच होते.

"न गाळलेलं पाणी कुठून तरी पोटात जातंय," डॉक्टर म्हणाले. "कुठून ते शोध."

सोमवारी सकाळी डॉक्टर विहिरीवर थांबले आणि मी गावातल्या महादेवाच्या देवळात गेलो. दर्शनाची रांग होती. म्हातारा गुरव डाळिंबी रंगाचा रेशमी मुकटा नेसून सगळ्यांना तीर्थ देत होता. विहिरीवरून सोवळ्यात घागर आणायची, देवावर अभिषेक करायचा आणि तेच पाणी तीर्थ म्हणून द्यायचं, हा त्याचा रोजचा नेम. माझी पाळी आली. त्याने पळीभर पाणी माझ्या तळहातावर घातलं आणि दारातून आलेली उन्हाची तिरीप नेमकी त्यावर पडली. पाण्यात एक पांढरा ठिपका टुणकन उडाला.

मागे एक बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती आणि त्या पोराने तीर्थासाठी हात आधीच पुढे केला होता.

"गुरवकाका, हे पाणी गाळलंय का?"

"सवळ्याचं पानी हाय ते. डागदराचं फडकं देवाच्या घागरीला लावू व्हय?"

"यात किडा आहे."

मी जरा जास्तच मोठ्याने बोललो. माझा आवाज तसा कायम वरच्या पट्टीतला, त्यात गाभारा घुमणारा. त्या बाईने पोराचा हात खाली ओढला. रांगेतला एक मिशाळ गृहस्थ, गावात त्याचा शब्द चालायचा, पुढे सरसावला.

"म्हंजी आमच्या देवानंच आमाला नारू दिला म्हना की! लई शिकलाय न्हवं? तीर्थ हाय ते. प्या, न्हाईतर तुमच्या बाटल्या उचला आन् चालते व्हा. पुन्यांदा गावात पाय टाकायचा न्हाई."

आम्हांला हाकललं असतं तर त्या गावचं काम तिथेच संपलं असतं. पण मी काही एवढा विचार केला, असं नाही. माझं डोकं फिरलं होतं.

"पितो," मी म्हणालो. "पुढच्या उन्हाळ्यात येऊन सगळ्यांसमोर पाय दाखवतो. नारू निघाला, तर तीर्थ गाळायचं. कबूल?"

"कबूल," मिशाळ गृहस्थ म्हणाला. मी तीर्थ प्यालो आणि रीतीप्रमाणे ओला हात डोक्यावरून फिरवला.

परतताना बैलगाडीत मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते एकदम कडाडले, "गाढवा, प्रत्येक किड्यात नारू असतो का? नाही निघाला तर गाव म्हणेल, बघा, तीर्थ शुद्ध आहे. निघाला तर तुझा पाय जाईल. दोन्हीकडून तूच मेलास!"

हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

ते वर्ष मी कसं काढलं, माझं मला ठाऊक. पुण्याला वसतिगृहात रोज अंघोळीला बसलो की पाय चाचपून बघायचो. डास चावला तरी कंदील जवळ घेऊन बघायचो. मला भीती वाटत होती, लंगडा होण्याची सरळ सरळ भीती. आणि पाय स्वच्छ दिसला की कडेवरच्या त्या पोराचा हात आठवायचा आणि वाटायचं, निघू दे एकदाचा. दिवाळीत आई म्हणाली, "नव्या नवरीसारखे पाय काय निरखत बसतोस?" मी तिच्यावरच खेकसलो.

उन्हाळा आला. तापला. माझे पाय तसेच, धड. डॉक्टर म्हणाले, "जाऊ नकोस, विसरतील लोक." पण शब्द दिला होता. उसनी सायकल घेऊन मी तोंड पाडून त्या गावी गेलो.

देवळात दुपारचं कुणी नव्हतं. गुरव खांबाला टेकून, एक पाय लांब करून बसला होता. घोट्याला कडुलिंबाचा पाला बांधला होता आणि पाल्याच्या कडेला एक काडी होती. काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला.

"वहाना काढा," तो म्हणाला. त्याने माझे दोन्ही पाय नीट पाहिले. "न्हाई निघाला?"

"नाही. मी हरलो, काका."

"बरं झालं. मला घोर लागला हुता तुमचा."

"पण तुम्हांला हे..."

"तुमी गेलात त्या दिशी. रांगपण पांगली. तांब्यात तीर्थ तसंच ऱ्हायलं. बेलाच्या बुडाला वतायला गेलो, तर हात उठंना. किडा हाय म्हनून वतलं, तर मग इतकी वर्सं लोकांच्या लेकरांना पाजलं त्याचं काय? म्हनून म्या प्यालो. समदा तांब्या."

मी त्याच्या पायावरच्या काडीकडे पाहिलं.

त्याने गाभाऱ्याकडे बोट केलं. देवाच्या घागरीच्या तोंडाला डाळिंबी रेशमाचा तुकडा ताणून बांधला होता. त्याच्याच मुकट्याचा, फाडलेला. "रेशमाला इटाळ न्हाई. दुसऱ्या दिसापास्नं गाळतुया. समद्यांम्होरं."

खांबाला धरून तो कसाबसा उठला आणि पळी घेऊन आला. मी हात पुढे केला. त्याने तीर्थ घातलं आणि माझं मनगट धरून मला दारातल्या उन्हात ओढलं.

"बगा," तो म्हणाला. "हाय का कायी?"

मी वाकून बराच वेळ पाहिलं.

"काही नाही, काका."

"नीट बगा."

"नीट पाहिलं. काही नाही."

मग तो तिथेच उंबऱ्यावर बसला आणि दुखरा पाय त्याने हलकेच लांब केला.