ज्वालामुखींच्या गावातली बाळंतीण

लेकीच्या बाळंतपणासाठी वर्ध्याहून न्यूझीलंडला निघाले, तेव्हा बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि दुपट्यांसाठी धुऊन मऊ केलेली सुती लुगडी होती. लाडू तिथल्या विमानतळावर काढून घेतले. तूप चालत नाही म्हणे. बाहेर जावई एकटाच उभा होता. मी विमानात असतानाच बाळ पोटातच गेलं होतं.

त्यांच्या गावाभोवती निजलेले ज्वालामुखी आहेत. दिसायला आपल्या टेकड्यांसारखेच. पण रस्त्याकडेच्या गटारातून वाफ निघते, बागेत डबकी उकळतात आणि गावभर सडक्या अंड्यांचा वास असतो. घरातलं पाणीही जमिनीच्या आचेवरच तापतं. आपल्याकडे मे महिन्यात छतावरच्या टाकीचं येतं तसं, पण बारा महिने.

दुसऱ्या दिवशी लेक दवाखान्यातून घरी आली. मी पदर खोचला.

"बाळ नाई तं मी कायची बाळंतीण?" ती म्हणाली.

"अंग तं बाळंतिणीचंच हाये. बस स्टुलावर."

तेल चोळून पाठीवर, छातीवर कढत पाणी ओतलं. तांब्या नव्हता, चहाचं पातेलं घेतलं. पुढं रोज पाण्याबरोबर दूध वाहायचं. मी तिकडे पाहत नसे. आपोआप आटेल, असं धरून चालले होते. आटेना. उलट आंघोळीची वेळ झाली की तीच हाक मारू लागली. वाटलं, पोरगी सावरते आहे.

मग घरी नर्स येऊन गेली. तिचं बोलणं मला जेमतेम कळलं, म्हणून जावयाला विचारलं.

"गरम पाण्यानं दूध येतच राह्यते, आई. दवाखान्यातच सांगितलं होतं त्यायनं. तिले माहीत हाये."

मी तिच्यासमोर जाऊन बसले. "मले काऊन नाई सांगितलं?"

"तेवढंच त्याचं राह्यलं ना," ती म्हणाली.

"दुधाच्या गाठी होतीन. ताप भरन."

"माहीत हाये." तिनं माझा हात धरला. "उद्याचा दिवस फक्त."

"उद्याचा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाणी जरा जास्तच वेळ ओतलं. मग एक लुगडं फाडलं, गार पाण्यात पिळलं आणि दूध आटावं म्हणून तिच्या छातीवर बांधलं. ती थरथरली, पण हात वर धरून बसून राहिली. गाठ मी सैलच मारली.